इंजिनाची उत्तरपूजा

१

एकोणीस वर्षं मी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी घरी आलो. मिशिगनमधल्या आमच्या ऑफिसच्या बिग बीव्हर रोडवर ट्रॅफिक असला तर पंचेचाळीस, बर्फ असला तर सहा. पण एरवी पाच चाळीस म्हणजे पाच चाळीस. शेजारची माणसं माझ्या गाडीवर घड्याळ लावत असतील अशी माझी समजूत होती. आसावरी म्हणायची की शेजाऱ्यांना तू कोण तेच माहीत नाही.

गाडी साधीच, दोन हजार चार सालची राखाडी सेदान, हाताने गिअर टाकायची. तिचं इंजिन टकटक करायचं आणि खाली सायलेन्सरला लावलेला एक पत्रा सैल होता, तो गाडी बंद करताना खुळखुळ वाजायचा. मी पेशाने इंजिनवाला. इंजिन कुठे किती तापतं ते मोजणं हे माझं काम. घरचं इंजिन मात्र टकटकत राहिलं आणि पत्रा खुळखुळत राहिला. एकदा घट्ट करायला गेलो तर उजव्या अंगठ्याला असा भाजलो की त्याचा चंद्रकोरीसारखा डाग अजून आहे. नंतर तो नाद सोडला.

त्या आवाजाचा उपयोगही होता. आसावरी वरच्या खोलीत घरूनच काम करते आणि तिची खिडकी मागच्या अंगणाकडे आहे. टकटक, मग खुळखुळ, मग गॅरेजचं दार. मी चपलांच्या खोलीत येऊन पितळी वाटीत किल्ली टाकली की वरून आवाज यायचा, "आलास?" मी म्हणायचो, "आलो." "चहा टाकू?" "टाक." शुक्रवारी माझ्या हातात देसी दुकानातली खारी असायची. एवढ्या चार शब्दांवर आमचा संसार उत्तम चालला होता.

मार्चमध्ये आमच्या कंपनीने पेट्रोल इंजिनांचा अख्खा विभाग बंद केला. आम्ही चाळीस जण एका दिवसात घरी बसलो. कंपनीचं नाव शिवलेलं निळं जॅकेट मी एप्रिलमध्येच डोनेशनच्या पेटीत टाकून आलो. आसावरीची नोकरी होती, त्यामुळे चूल बंद पडणार नव्हती. पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आता मला कुणी "आलास?" असं विचारत नव्हतं. जो दिवसभर घरातच असतो त्याला काय विचारणार?

मुलाखतींमध्ये सगळे एकच प्रश्न विचारायचे, इलेक्ट्रिकचा काय अनुभव? अनुभव शून्य. तेव्हा मी ठरवलं की जुन्या सेदानचं इंजिन काढायचं आणि अपघातात गेलेल्या एका इलेक्ट्रिक गाडीची मोटर तिच्यात बसवायची. पुढच्या मुलाखतीला त्याच गाडीतून जायचं आणि सांगायचं, हा माझा अनुभव, खाली पार्किंगमध्ये उभा आहे. मला परत नोकरी हवी होती. परत पाच चाळीसला घरी यायचं होतं.

आसावरीने एकच अट घातली. बर्फ पडायच्या आत गॅरेज रिकामं झालं पाहिजे, कारण पहाटे काच खरवडायचं वय तिचं राहिलेलं नाही.

२

गणपती गेल्यानंतरच्या शनिवारी इंजिन काढायचं ठरलं. मदतीला माझा मित्र देवांग. तो गाड्यांच्या बॅटऱ्यांचे प्रोग्रॅम लिहितो आणि स्क्रू ड्रायव्हर उलटा धरतो, पण उत्साह असा की दहा माणसांना पुरावा. बरोबर त्याची आई, रत्नाकाकू, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. आणि आमची इला, वय सतरा, जिला या सगळ्याचा व्हिडिओ काढायचा होता.

तारा सोडवल्या, नळ्या सोडवल्या, तेल काढलं. भाड्याने आणलेल्या क्रेनचा हूक अडकवला. आता फक्त उचलायचं बाकी, तेवढ्यात देवांग थांबला.

"यार विनय, एकोणीस वर्षं सेवा केलीय याने. असंच उपटणार?"

मी म्हटलं, काय निरोप समारंभ करू? तर रत्नाकाकू पर्समधून डबी काढत म्हणाल्या की अक्षता आहेत, मंडळाच्या गणपतीच्या उरलेल्या. तिथून जे थट्टेत सुरू झालं ते थांबेना. इलाने अंगणातलं गवत दूर्वा म्हणून आणलं. आसावरीने दही आणलं. मूर्तीच्या हातावर ठेवतात तसं ते ठेवायला इंजिनाला हात नव्हता, म्हणून वरच्या झाकणावर ठेवलं. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि मला म्हणाल्या, आता जरा हलवा जागेवरून. मी दोन्ही हातांनी इंजिन जरासं सरकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटचे शब्द म्हटले, "पुनरागमनाय च." आणि मग आम्ही सगळे गॅरेजमध्ये ओरडलो, पुढच्या वर्षी लवकर या. समोरचा म्हातारा गवत कापायचं थांबून बघत राहिला.

इलाने मोबाइल खाली केला. "बाबा, वी आर थ्रोइंग इट आउट. मग परत ये असं का सांगतोय?"

"पद्धत आहे," मी म्हणालो.

इंजिन अलगद वर आलं. त्याला स्टँडवर बसवून आम्ही गॅरेजच्या कोपऱ्यात ढकललं. खुळखुळणारा पत्रा मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. आठवण म्हणून.

"आता विसर्जन कुठे करता बाप्पा याचं?" काकूंनी विचारलं. "उत्तरपूजा झाली की मग घरात ठेवत नाहीत."

मी म्हटलं, इथल्या सेंट क्लेअर तळ्यात सोडलं तर पोलीस मलाच विसर्जित करतील. सगळे हसले. काकूही हसल्या, पण घरी जाईपर्यंत आणखी दोनदा त्यांनी तेच विचारलं.

३

सोमवारी संध्याकाळी मी गाडीखाली पडलो होतो. मोटर आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवायच्या जाड चकतीचं माप घेत होतो. गॅरेजचं दार बंद. रेडिओ चालू.

टकटक ऐकू आली. रस्त्यावरून आली, आमच्या ड्राइव्हवेवर वळली, दारापर्यंत येऊन थांबली. मग पत्रा खुळखुळला आणि सगळं शांत झालं.

वरून आसावरी म्हणाली, "आलास?"

मी गाडीखालूनच ओरडलो की मी गेलोच कुठे होतो. ती हसली आणि म्हणाली, अगं बाई, सवय. मीही हसलो. अमेरिकेत काय एकच सैल पत्र्याची गाडी आहे? मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकून टाकून सगळ्यांचेच पत्रे सैल होतात. कुणीतरी वळायला आमच्या ड्राइव्हवेत आलं असेल. मी बाहेर जाऊन पाहिलं. ड्राइव्हवे रिकामा होता आणि समोरचा म्हातारा पानं गोळा करत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला की कुठली गाडी, मी तासभर इथेच आहे.

माणूस बहिरा असेल. मंगळवारी पुन्हा आवाज आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. पाच चाळीस. बुधवारी पाच चाळीस. गुरुवारी त्रेचाळीस, आणि त्या दिवशी बिग बीव्हरवर अपघात झाल्याचं रेडिओवर सांगत होते.

शनिवार-रविवार आवाज आला नाही. सोमवारी आला.

४

मी घाबरलो नाही. मी इंजिनिअर आहे आणि मला काम नव्हतं. रिकाम्या इंजिनिअरला न उलगडणारी गोष्ट मिळाली तर तो आधी वही काढतो.

पहिला अंदाज असा की कोपऱ्यातलं इंजिनच वाजत असेल. दिवसा गॅरेज तापतं, संध्याकाळी थंड होतं, धातू आखडतो आणि टकटकतो. भिंतीवरचा पत्राही तसाच. आणि आवाज रस्त्यावरून आल्यासारखा वाटतो ती बंद दाराची करामत. फार सुंदर अंदाज होता. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला उष्णता मोजायची बंदूक घेऊन इंजिनासमोर स्टूल टाकून बसलो.

आवाज बाहेरूनच आला. इंजिन माझ्यासमोर गप्प होतं, पत्रा खिळ्यावर स्थिर होता. बाहेर खुळखुळ झाली आणि थांबली. मी बंदूक इंजिनावर रोखली. एक्क्याऐंशी अंश. सकाळी तेच इंजिन एकोणीस अंशांवर होतं. त्यात तेल नव्हतं, पाणी नव्हतं, त्याला एकही तार जोडलेली नव्हती. मी बंदूक खराब आहे असं म्हणून अंगठा लावून पाहिला. डाव्या अंगठ्यालाही फोड आला.

बिग बीव्हरहून अर्धा तास चालवत आणलेलं इंजिन साधारण तेवढंच तापतं. हे मला बंदुकीशिवायही माहीत होतं.

इलाला हे सगळं भारी वाटत होतं. ती रोज शाळेतून आली की माझी वही बघायची, कॉलेजच्या अर्जात लिहीन म्हणायची. एके दिवशी ती पानं उलटत म्हणाली, "बाबा, यू हॅव ओन्ली अरायव्हल्स."

"म्हणजे?"

"म्हणजे ती फक्त येते. जाते कधी?"

मी वही पाहिली. सहा आठवड्यांच्या नोंदी होत्या. सगळ्या येण्याच्या. सकाळी सव्वाआठला मी निघायचो तेव्हाही ती तितकीच टकटकायची, पण सकाळचा आवाज मला एकदाही आला नव्हता. मी इलाला म्हटलं की सकाळी मी झोपलेला असतो. ते खोटं होतं. नोकरी गेल्यापासून मी सव्वाआठला खिडकीशी उभा असतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, अमेरिकेत दर हिवाळ्याच्या तोंडाशी करतात तशी, घड्याळं तासभर मागे गेली. मला जरा हायसं वाटलं, कारण आता माझ्या अंदाजाची परीक्षा होणार होती. उन्हाने तापणं-निवणं असेल, तर आवाज आता चार चाळीसला यायला हवा. धातूला घड्याळाशी काय घेणंदेणं? सोमवारी चार चाळीसला मी स्टुलावर बसलो. काहीच नाही. पाच वाजले, बाहेर अंधारायला लागलं. पाच चाळीसला टकटक आली, वळली, थांबली. या वेळी दाराखालच्या फटीतून दिव्यांचा उजेड आत आला आणि विझला.

घड्याळ बदललेलं धातूला कळत नाही. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला कळतं.

त्याच दिवशी आणखी एक झालं. गाडीची किल्ली मी गॅरेजमधल्या खिळ्यावर ठेवतो, कारण इंजिन नसलेल्या गाडीची किल्ली खिशात बाळगण्यात अर्थ नाही. ती खिळ्यावर नव्हती. मी आत जाऊन पाहिलं तर पितळी वाटीत पडलेली. इलाने बालवाडीत असताना चिकटवलेला बेडकाचा स्टिकर वर करून.

५

मग मी कामाचा वेग वाढवला. भीती वाटली की मी काम करतो, आणि ते काम छान होतं हे कबूल केलं पाहिजे. मोटर गिअरबॉक्सला जुळली. बॅटऱ्या निम्म्या डिकीत, निम्म्या पुढे. देवांग संध्याकाळी यायचा, जाड नारिंगी वायरींत गुरफटायचा आणि मी त्याला सोडवायचो. पाच चाळीसला तो असला तर आवाज यायचा नाही. त्याला मी सांगितलं, तर म्हणाला, "यार, तुला नोकरीची गरज आहे. लवकर."

एका गुरुवारी मी तळघरात ड्रिलची पाती शोधत होतो. वर टकटक झाली, खुळखुळ झाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही, इतकं ते आता रोजचं झालं होतं. वाटीत किल्ली पडली. टण्ण.

"आलास?" आसावरी म्हणाली.

"आलो."

"चहा टाकू?"

"टाक."

मी हातात पातं धरून उभा राहिलो. आवाज माझा होता. रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो ना, तसा तो परका वाटला, आणि म्हणूनच तो माझा आहे याची खात्री पटली.

जिना चढून वर यायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात आसावरी एकटीच होती. ओट्यावर दोन कप, त्यातला एक अर्धा प्यालेला. ती मला म्हणाली की कपडे बदललेस होय, इतक्यात? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? तो अर्धा कप मी बेसिनमध्ये ओतला. चहा गरम होता.

रात्री जेवताना ती आनंदात होती. म्हणाली, मध्ये काही महिने फार वाईट गेले, तू घरात असून नसल्यासारखा असायचास. पण आजकाल संध्याकाळी तू बरा असतोस, पूर्वीसारखं ऑफिसबिफिसचं बोलतोस.

ऑफिसचं. मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो. तिला सांगावं असं मनात आलं. पण तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा झाला होता आणि तो मोकळा केला होता दुसऱ्याच कुणीतरी. मला भीतीपेक्षा राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज. जी गोष्ट मला जमली नाही, ती त्याला चहाच्या अर्ध्या कपात जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रत्नाकाकूंना फोन केला. त्या परतीच्या सामानाची बांधाबांध करत होत्या. मी आडून आडून विचारलं, की उत्तरपूजा केली आणि विसर्जन केलं नाही तर काय होतं? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असं कोणी केलंच नाही बाप्पा. मला काय माहीत?"

६

इंजिन आम्ही भंगारवाल्याकडे नेलं. देवांगने शेजाऱ्याचा पिकअप मागून आणला. शहराबाहेर, गाड्यांचे डोंगर रचलेली जागा. लोहचुंबकाच्या क्रेनने ते उचलून बाजूला ठेवलं आणि मला अचानक भरून आलं. काही झालं तरी एकोणीस वर्षं त्याने मला घरी आणलं होतं. निघताना मी त्याच्यावर थाप मारली आणि तोंडातून निघून गेलं, "चल, येतो."

देवांग हसून हसून बेजार झाला. म्हणाला, तू भंगारालाही जातो म्हणणार नाहीस. मी म्हटलं, जातो म्हणायचं नसतं. मग घरी येईपर्यंत आम्ही दोघं गाणी म्हणत होतो. खुळखुळणारा पत्राही त्याच्याबरोबर गेला होता.

त्या संध्याकाळी पाच चाळीसला मी गॅरेजमध्ये उभा होतो. काही नाही. सहा वाजले, काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. आवाज यायचा थांबला, म्हणजे येणारा गेला, असं मी धरून चाललो. वहीत शेवटची ओळ लिहून खाली रेघ मारली.

आणि मग सगळं सुरळीत होत गेलं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मोटर पहिल्यांदा फिरली. इला शेजारी बसली होती. मी बटण दाबलं, आणि ती विचारत राहिली की कधी सुरू करणार. तोवर आम्ही रस्त्यावर आलो होतो. ना टकटक, ना धूर. पहिला बर्फ भुरभुरत होता आणि आम्ही सगळ्या वस्तीतून एखाद्या मांजरासारखे फिरलो. समोरच्या म्हाताऱ्याने आम्ही अगदी त्याच्या कोपराशी पोचेपर्यंत मान वर केली नाही. इला इतकी हसली की तिला उचकी लागली.

आसावरीची गाडी गॅरेजमध्ये आली. डिसेंबरमध्ये मुलाखत झाली. मी त्या लोकांना पार्किंगमध्ये नेऊन बॉनेट उघडून दाखवलं आणि त्यांनी त्या जागीच एकमेकांकडे पाहून मान डोलावली. बॅटरी थंड ठेवण्याचं काम. जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून. ऑफिस बिग बीव्हरवरच.

त्या रात्री आसावरीने श्रीखंड केलं. देवांगने दोनदा घेतलं, मी तीनदा.

त्या महिन्यात एक-दोन बारीकसारीक गोष्टी झाल्या, त्या सांगून टाकतो. चहाची पूड लवकर संपू लागली. सिंकमध्ये संध्याकाळी तीन कप असायचे, आणि इला चहा पीत नाही. मी म्हणायचो, देवांग येऊन गेला असेल. खारीचा एक पुडा शुक्रवारी ओट्यावर दिसला. तो आसावरीनेच आणला असेल. मी आनंदात होतो आणि आनंदात माणूस वही काढत नाही.

७

पहिला दिवस फार छान गेला. नव्या ऑफिसात कॉफीचं मशीन इतकं अवघड होतं की मी आणि माझा नवा साहेब, दोघांनी मिळून ते वीस मिनिटांत बंद पाडलं. साहेबाचं वय एकतीस. त्याने मला विचारलं की कार्ब्युरेटर खरंच तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय का? घरी येताना मी हे सगळं मनात रचत होतो. आसावरीला आधी मशीनचं सांगायचं की कार्ब्युरेटरचं, ते ठरवत होतो. बिग बीव्हरवर ट्रॅफिक होता आणि मला तोसुद्धा गोड लागत होता.

पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी मी ड्राइव्हवेत वळलो. गाडी बंद केली. म्हणजे बटण दाबलं, कारण बंद व्हायला काही चालूच नसल्यासारखी ती होती. घरात दिवे लागले होते. मी गॅरेजमधून चपलांच्या खोलीत आलो आणि आता फक्त गाडीची दारं उघडण्यापुरती उरलेली किल्ली सवयीने वाटीत टाकायला हात नेला.

वाटीत किल्ली होती. काळी, कडेला झिजलेली, बेडकाचा स्टिकर वर. मी माझी मूठ उघडून पाहिली. माझ्या तळहातावरही तीच होती.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. आल्याचा वास येत होता. आसावरी हसत होती, अशी की डोळे पुसावे लागतात.

"वीस मिनिटांत?" ती म्हणत होती. "अख्खं मशीन?"

"अगं, साहेब एकतीस वर्षांचा," माझा आवाज म्हणाला. "मला विचारतो, कार्ब्युरेटर डोळ्यांनी पाहिलाय का."

दाराच्या फटीतून टेबलाची एक कड दिसत होती. तिच्यावर एक हात आला. निळ्या जॅकेटची बाही, तिच्यावर शिवलेलं माझ्या जुन्या कंपनीचं नाव. हाताने बशीतली खारी उचलली, चहात बुडवली. अंगठ्यावर चंद्रकोरीसारखा डाग होता. हात मागे गेला.

मला हाक मारायची होती. "आलो" म्हणायचं होतं, एवढंच. पण एकोणीस वर्षांत तो शब्द मी आपण होऊन कधी म्हटलेला नव्हता. तो नेहमी उत्तरात म्हणायचा शब्द होता, आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी जागच्या जागी पाय हलवला तशी एक फरशी किंचित वाजली.

आसावरीचं हसणं थांबलं. "कुणी आलं का रे?"

खुर्ची सरकली नाही. मला वाटतं, तो कान देऊन ऐकत होता.

"नाही," तो म्हणाला. "गाडीचा आवाज कुठे आला?"